भात्यावरचा मुलगा

मिरजेच्या बोर्डिंगात आम्ही बावीस जण,
बावीस पत्र्याच्या ट्रंका, बावीस गळे.
ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर. माझा सतरा.
गळ्यावर नंबर नव्हता,
पण ससाणे सर अंधारातही सांगायचे
अर्धा सूर कोण खाली उतरलाय ते.

पहाटे साडेपाचला मिठाच्या गुळण्या.
मोरीच्या कठड्याशी रांगेनं
बावीस घसे एकदम खुळखुळायचे
आणि कडुलिंबावरचे कावळे उडून जायचे.
सकाळी डो-रे-मी, संध्याकाळी सा-रे-ग.
सर म्हणायचे, देवाला दोन्ही कळतं,
तुम्हांला एक तरी कळू दे.

चिंच बंद. कैरी बंद.
ताक दुपारचं, तेही दीनाबाईंनी आधी चाखून.
आणि फाटकाशी झाड मात्र चिंचेचंच.
ते कुणी लावलं, का लावलं,
यावर रात्री दिवे गेल्यावर
आमच्यात फार मोठं ईश्वरज्ञान चालायचं.

नाताळचे झगे इस्पितळाच्या जुन्या चादरींचे.
काठाला निळा शिक्का : पुरुष, वॉर्ड तीन.
तेवढा आत दुमडून टाके घातले
की आम्ही देवदूत.

सातवीत, दिवाळीची सुट्टी संपून आलो
आणि तिसऱ्या कडव्यात, अगदी चढावर,
माझ्या आवाजाची दोन शकलं झाली.
पोरं हसली. सिलास आवळे सगळ्यात जास्त.
याला आपल्यात कंठ फुटणं म्हणतात.
पाखराच्या पिल्लालाही कंठच फुटतो,
आणि मडकंही फुटतंच.
यातलं माझं कुठलं, विचारायचं होतं.
सर म्हणाले, हनोख, उद्यापासून तू भात्यावर.

मोठी पेटी, बोटीतून आलेली, कपाटाएवढी.
तिच्या मागे एक स्टूल, एक लाकडी दांडा.
वर, खाली. वर, खाली.
मी नाक खाजवायला थांबलो
तरी देऊळ धापा टाकायचं.

नाताळच्या तोंडावर उंदरांनी भात्याचं कातडं खाल्लं.
गल्लीतले अब्बासभाई आले, तंबोरे करणारे,
गच्चीवर ज्यांचे भोपळे उन्हात बसलेले असत
टकलू म्हाताऱ्यांसारखे.
सरस लावताना मी विचारलं, दिवा धरू?
ते दचकले. मग सरांकडे वळून म्हणाले,
पोरगं घोगरं झालं की. भाकरी वाढवा ह्याची.
त्या रात्रीपासून मला अर्धी जास्त.

आई आली नाताळाला, जतच्या एस.टी.नं,
फडक्यात शेंगदाण्याची चटणी घेऊन.
तिला लांबचं धूसर दिसायचं.
चष्मा माझ्या फीमध्ये गेला होता.
पेटीच्या मागच्या फळीत बोटभर फट.
तिथून मला तिसरा बाक दिसत होता,
बायकांच्या बाजूचा.

मेणबत्त्यांमागे सगळी तोंडं सारखी.
सिलास उभा होता माझ्या जागी,
माझ्याच झग्यात, बाह्या दुमडून.
त्याचा सूर एकटाच वर गेला
आणि आईनं शेजारणीला कोपरानं ढोसलं.
ऐकू आलं नाही. ओठ दिसले :
त्यो माझा.

मी दांडा सोडला नाही.
वारा तरी माझाच होता.

नंतर झाडाखाली ती म्हणाली,
आवाज बसलाय व्हय रं? सर्दी झालिया?
मी मान हलवली.
सर्दीतबी कसा चढलास, म्हणाली,
आणि पदरानं माझं कोरडं नाक पुसलं.
मी खाली पडलेलं एक बुटूक उचललं होतं,
नुकतंच गाभुळायला लागलेलं.
तिनं हातावर चापट मारली.
घशाला जप की.

मी चिंच टाकली.
आता मला कुणीच अडवत नव्हतं,
दीनाबाईसुद्धा.
मार्चपर्यंत झाड वाकलं होतं,
बाकीचे चोरून खायचे, सिलाससुद्धा,
आणि मी खालून जाताना
वर बघायचो नाही.